सायलेन्सरमधून परत आलेलं पेट्रोल

आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी घरी बोलतो, पण लिहायची वेळ दहावीच्या पेपरनंतर आत्ताच आली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी गुपचूप सुधारून घ्याव्यात ही विनंती. विषय मात्र माझ्या जिवाभावाचा आहे : टू-स्ट्रोक.

सेकंड इयरला असताना बाबांची १९९३ सालची आरएक्स १०० मी हट्ट करून होस्टेलवर आणली. बाबांनी ती गाडी इतकी वर्षं लहान मुलासारखी सांभाळली होती. लिटरला अडतीस-चाळीस आरामात द्यायची. मी काय केलं, तर पहिल्याच महिन्यात कंपनीचा लांबलचक सायलेन्सर काढून एक आखूड 'रेसिंग' पाइप बसवला. आवाज असा भारी, की रेक्टर सरांना मी कुठल्या वळणावर आहे ते खोलीत बसून कळायचं. पोरं खूश, मी खूश. आणि अ‍ॅव्हरेज? सव्वीस! पेट्रोलनं २०२१ साली शंभरी ओलांडलेली, आणि माझा पॉकेटमनी मात्र आहे तिथेच. शेवटी एका रविवारी गावाहून परत येताना घाटाच्या पायथ्याशी रिझर्व्हसुद्धा संपलं आणि गाडी दोन किलोमीटर ढकलत न्यावी लागली. ढकलताना माणूस फार विचार करतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी चालू करून बघायचीही तसदी घेतली नाही. नुसता तो पाइप बघितला आणि आधी कंपनीचा सायलेन्सर परत लाव, मग माझ्याकडे ये, असं सांगून चहा प्यायला निघून गेले. मला राग आला. सायलेन्सर म्हणजे आवाज कमी करायचा डबा, त्याचा पेट्रोलशी काय संबंध? हा प्रश्न घेऊन मी लायब्ररीत बसलो आणि तिथे मला एक माणूस भेटला. जर्मनीतला, कधीच वारलेला. त्याचं नाव वाल्टर काडेन.

त्यांची गोष्ट सांगण्याआधी टू-स्ट्रोकचं दुखणं थोडक्यात सांगतो. फर्स्ट इयरच्या मुलांसाठी. बाकीच्यांनी आयसी इंजिन्सचा व्हायवा आठवावा. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली गेला की आधी एक्झॉस्टची खिडकी उघडते, मग ट्रान्सफरच्या. एकीकडून जळलेला धूर बाहेर जातोय, त्याच वेळी दुसरीकडून पेट्रोल आणि हवेचं ताजं मिश्रण आत येतंय. दोन्ही दारं एकदम उघडी! मेसमध्ये एका दारानं आत येणारी गर्दी दुसऱ्या दारानं न जेवताच बाहेर पडावी, तसा प्रकार. साध्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, न जळताच बाहेर निघून जातो. म्हणजे तुम्ही शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं, तर त्यातले पंचवीस रुपये थेट रस्त्यावर. जुन्या टू-स्ट्रोकच्या अ‍ॅव्हरेजचं सगळं रहस्य या एका वाक्यात आहे : आत आलेलं मिश्रण बाहेर पळू द्यायचं नाही.

काडेन यांनी जवळजवळ सगळी हयात याच कामात घालवली.

त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९१९ चा, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या पोबरशाऊ या छोट्या गावातला. जवळच चोपाऊ नावाचं गाव आहे आणि तिथे डीकेडब्ल्यू या कंपनीचा कारखाना होता. १९२० चं दशक संपता संपता हा जगातला सगळ्यात मोठा मोटरसायकल कारखाना बनला होता, आणि तिथे बनायच्या त्या टू-स्ट्रोकच. काडेन यांचे वडील त्याच कंपनीच्या सेल्स मॅनेजरच्या गाडीवर ड्रायव्हर होते. १९२७ साली न्यूरबुर्गरिंगचा प्रसिद्ध रेसट्रॅक सुरू झाला, तेव्हा सात वर्षांचा वाल्टर तिथे हजर होता. आपलं पुढचं आयुष्य त्या दिवशी ठरलं, असं ते म्हातारपणीही सांगायचे.

पुढे केमनिट्झच्या टेक्निकल अकादमीत शिकले. म्हणजे आपल्यासारखेच, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. पण त्यांचं कॅम्पस प्लेसमेंट झालं ते महायुद्धात. १९४० साली ते बर्लिनजवळच्या हेन्शेल विमान कंपनीत लागले. हर्बर्ट वॅग्नर यांच्या हाताखाली तिथे एचएस २९३ नावाचा रेडिओनं दिशा देता येणारा बॉम्ब तयार होत होता. या बॉम्बनं पुढे मित्रराष्ट्रांची जहाजं बुडवली, माणसं मारली. काडेन यांचं चरित्र लिहिताना हे पान गाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. हातात कला असते, ती कोण कशासाठी वापरून घेतो हा प्रश्न त्यांच्या पिढीपुढे होता आणि आपल्यापुढेही आहे.

युद्ध संपलं. काही काळ ते अमेरिकनांच्या कैदेत होते. सुटून गावी परत आले तेव्हा चोपाऊ रशियाच्या ताब्यातल्या भागात गेलेलं होतं. कारखान्यातली मशिनं रशियानं उचलून नेली होती. हेर्मान वेबर म्हणून डीकेडब्ल्यूचे मोठे डिझायनर होते, आरटी १२५ ही गाडी त्यांचीच. त्यांनाही रशियात नेलं आणि ते तिथेच १९४८ साली वारले. कंपनीची मूळ माणसं पश्चिम जर्मनीत इंगोलश्टाटला गेली आणि त्यांनी तिथे डीकेडब्ल्यू पुन्हा उभी केली. इकडे चोपाऊत राहिलेल्या कारखान्याचं नाव आधी इफा आणि नंतर एमझेड झालं.

या आरटी १२५ बद्दल एक गंमत सांगायलाच हवी. युद्ध हरल्यामुळे तिचं डिझाइन जगभर कुणीही वापरू लागलं. इंग्लंडमध्ये बीएसएची बँटम, अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसनची छोटी गाडी, रशियात मॉस्क्वा, आणि जपानमध्ये १९५५ साली यामाहाची अगदी पहिली मोटरसायकल वायए-१. सगळ्या तिच्याच बहिणी. म्हणजे आमच्या बाबांच्या आरएक्सचं खापरपणजीचं माहेर चोपाऊच निघालं! हे कळल्यावर मला काडेन आपल्याच घरातले वाटायला लागले.

तर काडेन गावात परत आले आणि त्यांनी लाकडाचा धंदा सुरू केला. युद्धात घरं पडलेली, छपरांना लाकूड हवं होतं. दिवसा छपरं, रात्री स्वतःची रेसिंगची आरटी १२५. ती इतकी पळायला लागली, की १९५३ साली इफानं त्यांना बोलावून अख्खा रेसिंग विभाग सोपवला. 'अख्खा विभाग' म्हणजे मोठं काही नाही. थोडी माणसं, थोडी जुनी मशिनं आणि पैशाची कायम टंचाई. चांगल्या बेअरिंगपासून चांगल्या स्टीलपर्यंत सगळ्याची वानवा. समोर इटलीचे श्रीमंत कारखाने होते, आणि थोड्याच वर्षांत होंडा येणार होती. तेव्हाच्या जगात टू-स्ट्रोक म्हणजे गरिबाची गाडी. ग्रां-प्रीमध्ये तिची किंमत शून्य.

काडेन यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या. तिन्ही पूर्णपणे त्यांच्या एकट्याच्या नव्हत्या, हे आधी सांगतो, म्हणजे भक्तिभाव जास्त झाला असं कुणी म्हणायला नको.

पहिली रोटरी डिस्क व्हॉल्व्ह. क्रँकशाफ्टवर फिरणारी एक पातळ चकती इनटेक उघडते आणि बंद करते. त्यामुळे कार्ब्युरेटरकडून मिश्रण नेमकं हवं तेव्हाच क्रँककेसमध्ये शिरतं आणि परत मागे फेकलं जात नाही. डानिएल त्सिमरमान नावाच्या गाववाल्या रेसरनं आपल्या आरटीवर ही कल्पना यशस्वी केली होती. काडेन यांनी ती उचलली आणि पक्की केली.

दुसरी गोष्ट तिसऱ्या ट्रान्सफर पोर्टची. अडोल्फ श्न्यूर्ले यांच्या पद्धतीत दोन बाजूंनी मिश्रण आत येऊन सिलिंडरच्या मागच्या भिंतीवर आदळून वर वळतं, त्यामुळे ते सरळ एक्झॉस्टकडे जात नाही. १९३० च्या दशकापासून डीकेडब्ल्यू हीच पद्धत वापरत होती. काडेन यांनी मागच्या बाजूला आणखी एक पोर्ट दिला. मिश्रण जास्त भरलं, शिवाय पिस्टन पिनच्या बेअरिंगला थंड, तेलयुक्त मिश्रणाचा मारा मिळाला. तिथेच तर गाड्या जळत होत्या.

आणि तिसरी, माझ्या प्रश्नाचं उत्तर असलेली गोष्ट म्हणजे एक्सपान्शन चेंबर. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिमेतल्या डीकेडब्ल्यूच्या रेसिंग गाड्यांवर एरिश वोल्फ यांनी मधे फुगीर आणि शेवटी निमुळते पाइप बसवले होते. काडेन यांच्या डोक्यात प्रश्न आला की हे चालतं कसं? इथे त्यांची युद्धाआधीची आणि युद्धातली शिदोरी उपयोगी पडली असणार. त्यांनी ऑसिलोस्कोप आणला आणि पाइपमधल्या दाबाच्या लहरी मोजायला सुरुवात केली. म्हणजे जे काम दुसरे मिस्त्री कान लावून करायचे, ते त्यांनी पडद्यावर बघून केलं.

त्यात दिसलं ते असं. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लहर ध्वनीच्या वेगानं पाइपमधून धावत सुटते. पाइप जिथे रुंद होत जातो, तिथून उणे दाबाची लहर उलट येते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून बाहेर काढते. या ओढीत थोडं ताजं मिश्रणही पाइपमध्ये येतं. पुढे पाइप पुन्हा निमुळता होतो. तिथून अधिक दाबाची लहर परत फिरते आणि पळालेल्या त्या मिश्रणाला ढकलून पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. अगदी पोर्ट बंद व्हायच्या आधी! व्हॉल्व्ह नाही, स्प्रिंग नाही, हलणारा एकही भाग नाही. नुसत्या पत्र्याच्या आकारानं उघडं दार बंद केलं. मेसच्या मागच्या दाराशी आपले रेक्टर सर उभे केल्यासारखं.

आता वही काढा. मिनिटाला १०,८०० फेरे म्हणजे एक फेरा साधारण ५.६ मिलिसेकंदात. एक्झॉस्ट पोर्ट १९० अंश उघडा राहतो असं धरलं, तर हातात वेळ जेमतेम ३ मिलिसेकंद. गरम धुरात ध्वनीचा वेग ढोबळमानानं सेकंदाला ५०० मीटर धरू. तेवढ्या वेळात लहर दीड मीटर धावते, म्हणजे जाऊन परत येण्यासाठी पाऊण मीटर अंतर. रेसिंग पाइपची लांबी अशी ठरते. आता हेच गणित माझ्या गाडीला लावा. सिग्नल, गर्दी, ४,५०० आरपीएम, पोर्ट १७० अंश उघडा. उत्तर येतं जवळजवळ दीड मीटर अंतर. मी बसवलेला तो आखूड पाइप त्याच्या निम्म्यानंही नव्हता. त्यातली परतीची लहर फार लवकर यायची, मिश्रण पळून जायचं त्या वेळेला दार राखायला कुणी नसायचं. कंपनीचा लांब सायलेन्सर शंभर टक्के नाही, पण रोजच्या वेगाला बरीच राखण करत होता. मिस्त्रींनी चहाला जाता जाता जे सांगितलं, ते हेच.

काडेन यांना अर्थात अ‍ॅव्हरेजशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ताकद हवी होती. पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्हीचा चोर एकच, म्हणून त्यांचं उत्तर आपल्याही कामाचं.

निकाल बघा. १९५९ साली एर्न्स्ट डेगनर यांनी मोन्झाला १२५ सीसीची ग्रां-प्री जिंकली आणि गॅरी हॉकिंग यांनी अल्स्टरला २५० ची. दोघंही एमझेडवर. १९६१ साली काडेन यांच्या १२५ सीसी इंजिननं १०,८०० आरपीएमला २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरला २०० हॉर्सपॉवर. सुपरचार्जर किंवा टर्बो नसलेल्या इंजिनानं हा आकडा गाठण्याची ही पहिलीच वेळ. माझी आरएक्स ९८ सीसीत ११ देते आणि आम्ही तिला रॉकेट म्हणतो!

त्या वर्षी डेगनर यांनी १२५ च्या तीन ग्रां-प्री जिंकल्या. विश्वविजेतेपदाच्या गुणतक्त्यात ते सगळ्यात वर होते. ३० जुलैला साक्सेनरिंगवर, काडेन यांच्या घराच्या अंगणात म्हणावं अशा ट्रॅकवर, एमझेड जिंकली. दोनच आठवड्यांनी, १३ ऑगस्ट १९६१ ला, बर्लिनची भिंत उभी राहायला लागली.

१७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये क्रिस्तियानस्टाडला शर्यत होती. डेगनर यांचं इंजिन मधेच बंद पडलं. त्यानंतर डेगनर टीमकडे परत आलेच नाहीत. डेन्मार्कमार्गे ते पश्चिम जर्मनीत पोचले. त्यांची बायको आणि दोन मुलं त्याच सुमारास गाडीच्या डिकीत लपून पूर्व जर्मनीतून बाहेर पडली होती. जपानच्या सुझुकीशी बोलणं आधीच झालेलं होतं. डेगनर जपानला गेले आणि त्यांच्याबरोबर गेलं चोपाऊच्या त्या छोट्या शेडमधलं सगळं ज्ञान : डिस्क व्हॉल्व्ह, तिसरा पोर्ट, एक्सपान्शन चेंबर. विश्वविजेतेपद त्या वर्षी होंडाच्या टॉम फिलिस यांना मिळालं. आणि पुढच्याच वर्षी, १९६२ साली, डेगनर यांनी सुझुकीवर ५० सीसीचं विश्वविजेतेपद जिंकलं. टू-स्ट्रोकचं ते पहिलं विश्वविजेतेपद. गाडीच्या टाकीवर नाव मात्र एमझेडचं नव्हतं.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला खरंच वाईट वाटलं. डेगनर यांना सरळ चोर म्हणणं सोपं आहे. पण भिंत बांधून माणसं कोंडणाऱ्या देशातून कुणी बायकामुलांना घेऊन पळाला, तर त्याला आपण होस्टेलच्या बेडवर बसून काय बोलणार? त्यांनाही पुढे सुख फारसं मिळालं नाही. अपघात झाले, भाजले, आणि १९८३ साली वारले. सुझुकाच्या ट्रॅकवर एका वळणाला त्यांचं नाव आहे. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना डेगनर कर्व्ह माहीत असेल.

काडेन मात्र चोपाऊलाच राहिले. तीच शेड, तीच टंचाई. १९६३ साली माइक हेलवूड यांनी साक्सेनरिंगला एमझेडवर २५० ची शर्यत जिंकली. १९५५ ते १९७६ या काळात काडेन यांच्या इंजिनांनी १३ ग्रां-प्री जिंकल्या आणि १०५ वेळा पहिल्या तिनांत आल्या. विश्वविजेतेपद एकही नाही. पण त्यांनी घडवलेली पद्धत जपानी कारखान्यांमधून जगभर गेली. १९७५ पासून २००१ पर्यंत ५०० सीसीचं प्रत्येक विश्वविजेतेपद टू-स्ट्रोकनं जिंकलं. त्या प्रत्येक गाडीच्या पोटाखाली तो फुगीर पाइप होता. पळालेलं मिश्रण सिलिंडरमध्ये परत आणणाऱ्या माणसाच्या हातून पळालेलं ज्ञान मात्र कधी परत आलं नाही.

वाल्टर काडेन ३ मार्च १९९६ ला वारले. योगायोग बघा, १९९६ सालीच आपल्याकडे आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं आणि म्हैसूरचा येझदीचा कारखानाही बंद पडला. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. रेसमध्ये एका ठरावीक वेगाला जे दार बंद होतं, ते रस्त्यावर सगळ्या वेगांना बंद करणं नुसत्या पाइपला शक्य नव्हतं. पोर्ट बंद होत आल्यावरच पेट्रोल सोडणारं इंजेक्शन हे त्याचं खरं औषध, पण ते स्वस्त व्हायच्या आत रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकचा जमाना गेला.

आता माझ्या गाडीचं काय झालं? कंपनीचा सायलेन्सर पलंगाखालून काढला. आतली नळी काढून काजळी जाळून साफ केली, कारण काजळीनं पाइप चोंदला तर लहरही बिघडते. हेड उघडून एक्झॉस्ट पोर्टवरचा कार्बन लाकडाच्या पट्टीनं खरवडला. लोखंडानं खरवडू नका, पिस्टनला ओरखडे पडतात. रिंगा झिजल्या होत्या, बदलल्या. क्रँकचे ऑइल सील मिस्त्रींनी तपासले. तिथून हवा ओढली गेली तर मिश्रण लीन होतं आणि पिस्टन जाम. अ‍ॅव्हरेजसाठी छोटा जेट टाकायचा मोह मला झाला होता, त्यावर मिस्त्रींनी फक्त एक जाम झालेला पिस्टन माझ्या हातात ठेवला. कार्ब्युरेटरची सुई कंपनीच्या खाचेत परत बसवली, प्लगचा रंग दुधाच्या कॉफीसारखा येईपर्यंत हवा जुळवली. ब्रेक घासत होता तो सैल केला, चेनला तेल, टायरमध्ये हवा. खर्च दोन महिन्यांच्या वडापावाइतका.

अ‍ॅव्हरेज परत अडतीसवर आलं. आवाज गेला. पोरं म्हणतात गाडीत आता मजा नाही. मी ऐकून घेतो. पुढच्या रविवारी तो घाट रिझर्व्हला हात न लावता चढलो. वरती गाडी बंद केली, थोडा वेळ थांबलो आणि त्या लांब, गप्प सायलेन्सरकडे बघत बसलो. गरम होता, टिकटिक आवाज करत थंड होत होता. त्यातून बाहेर आलेला धूर मला दिसला होता. आत परत गेलेलं पेट्रोल दिसत नाही, एवढंच.

– टी. ई. मेकॅनिकल